वाजवून भरलेले डबे

या, जरा पुढे सरका. खिडकीपाशी नको, तिथं फटीतून वारा येतो. शाल गुडघ्यांवर ओढून घ्या. गोष्ट सांगतो ती राजाराणीची नाही, कुणा सिद्धपुरुषाचीही नाही. वाटाण्याहून लहान अशा एका वस्तूची आहे. त्या एवढ्याशा वस्तूनं एका भल्या घराचा जीव एक अख्खी दुपार टांगणीला लावला होता. ऐका, आणि मधेच उठू नका.

चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक घर होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात तिघं. नवरा गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायचा, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. सून घरीच शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, कापडांचे गठ्ठे आणि टाचण्या गोळा करायला एक घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक. तिसरे म्हणजे सासरे. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. हात अजून स्थिर होता, नजर भिंगातून चालायची, कान मात्र साफ गेले होते. इमारतीत त्यांना सगळे टिकटिक आजोबा म्हणत, आणि त्यांना ते ऐकू येत नाही अशी सगळ्यांची समजूत होती. येत होतं बरं का. कानातलं मशीन लावलेलं असलं की सगळं ऐकू यायचं.

थंडीचा कडाका पडला, काचांवर सकाळी पांढरी जाळी धरू लागली, की त्या घरात खारंगोड व्हायचं. नाव घरातलंच, दुसरीकडं कुठं ऐकायला मिळणार नाही. शेंगदाणे, बदाम, भोपळ्याच्या बिया, मक्याच्या लाह्या, छोटी खारी बिस्किटं. त्यावर लोणी आणि साखरेचा पाक, पाकात मीठ नि मिरपूड. सगळं एकत्र कालवून ट्रेमध्ये पसरायचं, ओव्हनच्या मंद आचेवर तासभर ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांनी हलवायचं. बाहेर काढलं की वरून मनुका. मग टेबलावर कापड अंथरून त्यावर ओतायचं आणि गार व्हायची वाट बघायची. ही वाट बघणं फार अवघड. सासूबाई होत्या तेव्हा त्या पळी घेऊन टेबलाशी पहारा देत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. आता पहारा टिकटिक आजोबांचा.

आणि आजोबांकडे आणखी एक काम होतं. त्या घरात खारंगोड चाखून पारखत नसत, वाजवून पारखत. डबा भरायचा, झाकण लावायचं, कानाशी धरून तीनदा हलवायचा. खडखड असा कोरडा, मोकळा आवाज आला तर जमलं. आवाज दबका आला तर आत ओल आहे, पुन्हा ओव्हनमध्ये. जन्मभर घड्याळांच्या पोटातले आवाज ओळखणाऱ्या माणसाकडे हे काम आपसूकच आलं होतं. त्यासाठी त्या दिवशी ते कानातल्या मशीनमध्ये नवा कोरा सेल घालून बसायचे. कामं त्यांच्याकडची एकेक करून गेली होती. आधी शेगडीपाशी जाणं गेलं, मग सुरी गेली, मग एकट्यानं बाजारात जाणं गेलं. वाजवायचं तेवढं उरलं होतं.

तर त्या दिवशी सकाळी काम उरकलं. सहा डबे भरले. सूनबाईनं झाकणं उलटी करून ओळीनं मांडून ठेवली होती, ती एकेक उचलून डब्यांवर दाबली. आजोबांनी सहाही डबे वाजवले.

"जमलंय," ते म्हणाले. "तिसरा किंचित जड वाजतोय, पण त्यात बदाम जास्त पडले असतील."

"तुम्हीच मूठ मूठ घालत होता त्यात," सून म्हणाली.

"तो नर्सचा आहे. तिच्या नातीला बदाम आवडतात."

नर्समावशी म्हणजे वरच्या मजल्यावरची परिचारिका. हॉस्पिटलात तीस वर्षं काढलेली, आवाज खणखणीत, मन लोण्यासारखं. त्या दिवशी ती मुलीकडे निघाली होती. मुलीची मुलगी नुकती दोन वर्षांची झाली होती. दुपारी दोनच्या सुमारास मावशी जिना उतरताना दाराशी थांबली, डबा पिशवीत टाकला आणि जाता जाता म्हणाली, "फाट्यावर लेक नातीला घेऊन उभी असेल. ती पोर हात धुवायच्या आधी डबा उघडायला लावेल बघ."

बाकीच्या डब्यांपैकी एक नवरा कामावर जाताना गोदामात घेऊन गेला होता. एक तळमजल्यावरच्या बेकरीवाल्याला, एक घरमालकीणबाईंना. दोन घरात.

तीनच्या आसपास सून मशीनवर एका कोटाचं अस्तर शिवत होती. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं खुर्ची. मग पाट. तिनं मान वाकवून पाहिलं तर आजोबा स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसलेले, डोळ्याला भिंग लावलेलं, टेबलाखाली बघताहेत.

"बाबा, काय शोधताय? चष्मा का?"

"काही नाही."

"चष्मा तर तुमच्या कपाळावर आहे."

"काही नाही म्हटलं ना."

तिनं पुन्हा पाय मशीनवर ठेवला. चार बोटं शिवण गेली असेल नसेल, सासरे दारात येऊन उभे राहिले. हात पुसण्याच्या फडक्याला पीळ घालत होते. आधीच बारीक चण, त्यात ते आणखी बारीक दिसायला लागले होते.

"सूनबाई, मशीन थांबव."

तिनं थांबवलं.

"सकाळी सेल बदलला मी. जुना काढला तो... तो वाटीत नाही."

खिडकीत एक वाटी असायची. वापरलेले सेल त्यात. हा नियम नर्समावशीनंच घालून दिला होता. एकदा जिन्यात उभ्या उभ्या तिनं सांगितलं होतं की असला सेल लहान पोरानं गिळला तर दोन तासांत आतून अन्ननळी भाजून निघते, सेल मेलेला असला तरी त्याच्यात तेवढा जीव असतो. ते ऐकल्या दिवसापासून सुनेनं ती वाटी ठेवली होती.

"खिशात पाहिलंत?"

"खिशात, बाहीत, फरशीवर, सगळीकडे पाहिलं." आजोबांनी फडकं आणखी पिळलं. "मी तो झाकणात ठेवला."

"कशात?"

"झाकणात. तू मांडली होतीस ना ओळीनं. हातात सेल होता. बारीक वस्तू टेबलावर उघडी ठेवायची नाही, काठ असलेल्या कशाततरी ठेवायची. चौपन्न वर्षं केलंय मी. स्क्रू निघाला की झाकणात. चाक निघालं की झाकणात. हातच गेला माझा तिकडे. मला कळलंसुद्धा नाही. मग तू झाकणं उचललीस."

घड्याळजीचा हात होता तो. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झालीच नसती, दुसऱ्यानं सेल सरळ टेबलावर टाकला असता आणि तो तिथंच सापडला असता.

"कोणत्या झाकणात, बाबा?"

"तेच आठवत नाहीये. अर्धा तास झाला, तेच आठवतोय."

"अर्धा तास?" एवढंच ती म्हणाली. पण ते एवढंच पुरेसं होतं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

घरातले दोन डबे तिनं टेबलावर कापड अंथरून ओतले. पाकानं दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेले, एकेक गठ्ठा फोडून बघावा लागत होता. तिनं मशीनवरचं लोहचुंबक आणलं आणि सगळ्यातून फिरवलं. फिरवताना एक टाचणी तेवढी लागली. ती चुंबकाला आधीचीच असणार, असं तिनं मनाला बजावलं, आणि वरून देवाला म्हणाली की एका वेळी एकच संकट पुरे रे बाबा. दोन्ही डब्यांत सेल नव्हता. झाकणांनाही नव्हता.

तिनं नर्समावशीला फोन लावला. रिंग वाजायला लागली. कानात वाजत होती, आणि दुसरीकडूनही कुठूनतरी वाजत होती. तिनं फोन कानापासून दूर धरला. डोक्यावर, छताच्या पलीकडे, मावशीच्या बंद घरात मावशीचा फोन वाजत होता. चार्जिंगला लावून विसरली असणार.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं. त्यांना ते ऐकू आलं नव्हतं.

तिनं बोट वर केलं. त्यांनी छताकडे पाहिलं, आणि समजून चुकले.

मग नवऱ्याला फोन. तो हसत होता. "अगं, डबा अर्ध्याहून खाली गेलाय. पोरं म्हणतात उद्या पण आण."

"ऐक. त्यात बाबांचा सेल असेल. ओतून बघ. आत्ता."

हसू थांबलं. पलीकडे गोदामाचा गोंगाट, कुणीतरी कुणाला हाक मारतंय, मग खोक्यावर काहीतरी ओतल्याचा आवाज. "नाहीये," तो म्हणाला. "झाकणात पण नाही. ज्यांनी खाल्लंय ती सगळी मोठी माणसं आहेत, त्यांना दातांखाली आला असता तर कळलं असतं. मावशीचा डबा?"

"मावशी बसमध्ये आहे. फोन घरी."

"आणि तिची ती छोटी नात?"

ती खुंटीवरचा कोट काढायला लागली. तो म्हणाला, "डेपोत जा. मी इथून निघेपर्यंत उशीर होईल. तू जा."

सव्वातीन झाले होते. बस अडीचची. फाटा सव्वाचारला येतो, हे मावशीच दरवेळी सांगायची. सुनेनं कोट अंगात घातला. जिन्यात पाऊल टाकताना तिच्या मनात एक विचार येऊन गेला, तो मी तुमच्यापासून लपवत नाही. घरमालकीणबाईंचा डबा वाटेतच होता आणि बाई तोंडाच्या तिखट. मीठ जास्त पडलं असं सांगून डबा परत मागावा, असं तिला वाटलं. म्हाताऱ्याची लाज राहील. कुणी म्हणणार नाही की आता याला टेबलाशीही बसू देऊ नका.

पण तिनं घंटी वाजवायच्या आत मागून चपलांचा आवाज आला. आजोबा पायमोज्यांशिवाय, नुसत्या घरातल्या चपलांवर खाली उतरले होते.

दार उघडलं. घरमालकीणबाईंच्या गालात घास होता.

"बाई," आजोबा म्हणाले, "त्या डब्यात माझ्या कानाच्या मशीनचा सेल पडला असेल. माझ्या हातून झालंय. खाऊ नका आणि बघू द्या."

बाईंनी चावणं थांबवलं. हळूच हातरुमालात घास काढला, निरखला. "म्हणजे मी मनुका समजून काय काय गिळलं असेल देव जाणे," त्या म्हणाल्या. पण बोलता बोलता डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केलाही होता. तिघांनी मिळून गठ्ठे फोडले. लोहचुंबक फिरलं. काही नाही.

"नर्सच्या मुलीचा नंबर आहे का तुमच्याकडे?" सुनेनं विचारलं.

"माझ्याकडे तिच्या घराची किल्लीसुद्धा नाही, नंबर कुठला. तुम्ही जा, मी इथं तिचं दार राखते. ती काय परत इथं येणार आहे का, पण राखते. हातपाय चालायला काहीतरी हवं ना."

खाली बेकरीवाला पांढऱ्या पिठानं माखलेला, दगडी टेबलाशी उभा. त्याचा डबा अजून बांधलेलाच होता, घरी मुलांसाठी न्यायला ठेवलेला. त्याला दोन मुलं, धाकटं तीन वर्षांचं. ऐकल्यावर त्यानं लगेच डबा टेबलावर ओतला आणि लाटणं फिरवलं. लाह्यांचा चुरा झाला, बिया उडाल्या. त्यानं तो चुरा बोटांनी चाळला.

"नाही," तो म्हणाला. मग एप्रन सोडत म्हणाला, "माझी गाडी मागं उभी आहे. ताई, पुढं बसा. आजोबा, तुम्ही मधे. पावांचे ट्रे मागं सांभाळून, पाठीला लागतील."

राहिला एकच डबा. बाकी पाचही कोरे निघाले म्हणजे सेल कुठं आहे याबद्दल आता शंकाच उरली नव्हती, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. घरातून निघेपर्यंत आशेला सहा दारं होती.

गाडीत काच धुरकटत होती, बेकरीवाला बाहीनं पुसत होता. दोन सिग्नल लाल लागले. आजोबांच्या मांडीवर हात होते आणि अंगठा तर्जनीवर घासला जात होता, जणू चिमटीत काहीतरी बारीक धरलंय. सुनेला रागही येत होता आणि त्यांचा हात धरावासाही वाटत होता. तिनं दोन्हींपैकी काही केलं नाही. ती मनात मोजत होती. अडीचला सुटली, म्हणजे आता नदीचा पूल मागं पडला असेल. मावशी खिडकीशी बसली असेल. पिशवी मांडीवर. फाट्यावर ती पोरगी, टोपी घातलेली, दोन्ही हात पुढे केलेली. देवा, तेवढी बस हळू चालव. आयुष्यात कधी बसला उशीर व्हावा म्हणून हात जोडले नव्हते, आज जोडते.

"अर्धा तास," आजोबा एकदम म्हणाले. "तो अर्धा तास मी भ्यालो होतो. तुम्ही मला डबे वाजवू देणार नाही म्हणून भ्यालो. त्या पोरीचा विचार नंतर आला मला. आधी माझा आला."

सून म्हणाली, "आता बोलू नका, बाबा. आता फक्त पोचू या."

डेपोत तीन खिडक्या, त्यातली एकच उघडी. समोर पाच-सहा माणसं. सून रांग मोडून पुढे गेली तसं एकानं हटकलं, "आम्ही काय इथं शोभेला उभे आहोत का?" पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून तोच बाजूला झाला.

"अडीचच्या गाडीत एक बाई आहेत," ती कारकुनाला म्हणाली. "त्यांच्याजवळ एक डबा आहे. तो उघडायचा नाही, एवढा निरोप द्यायचाय."

कारकुनाच्या नाकाच्या टोकावर चष्मा होता. त्यानं न बघताच सांगितलं, "हरवलेल्या वस्तूंची खिडकी पलीकडं. आज बंद आहे."

"हरवलेला नाही डबा. त्यात सेल पडलाय."

"मग मिळेल की डब्यातच."

आजोबा पुढे आले. स्वतःचा आवाज किती मोठा होतोय हे त्यांना कळत नसे, आणि त्या दिवशी ते बरंच झालं. सगळा डेपो ऐकत राहिला.

"मी घड्याळजी आहे. माझ्या हलगर्जीपणानं खाण्याच्या डब्यात सेल गेलाय. दोन वर्षांची पोर सव्वाचारला फाट्यावर तो डबा उघडणार आहे. सेल गिळला तर अन्ननळी जळते. तुमच्या चालकाला फोन करा."

कारकुनानं चष्मा वर सरकवला. "चालक गाडी चालवताना फोन घेत नाही," तो म्हणाला, पण आता त्याचा आवाज वेगळा होता. "आणि घेऊ नयेच. थांबा, थांबा." त्यानं भिंतीवरच्या वेळापत्रकावरून बोट फिरवलं. "मधल्या थांब्यावर गाडी तीन पन्नासला लागते. दोन मिनिटं. तिथं बाई असतात तिकिटाला." घड्याळात तीन अठ्ठेचाळीस. त्यानं काळ्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि आकडे फिरवायला लागला.

एकदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, कुणी उचलला नाही. मागच्या रांगेत कुणी कुरकुरलं नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"गाडी आली का?" कारकून ओरडला. "लागतेय? अडवून धरा. मी सांगतोय ना, माझ्या नावावर अडवा. एक नर्सबाई आहेत, त्यांच्याकडे खाऊचा डबा आहे. तो घ्या काढून. त्यात बटणासारखा सेल आहे. पोरांच्या हातात जाऊ देऊ नका."

पलीकडून रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग वारा. दार आपटलं. दूर कुठंतरी इंजिनाची घरघर. कारकुनानं रिसीव्हर काचेच्या भोकातून सुनेच्या कानाशी धरला. ती तशीच वाकून उभी राहिली. घरघर चालू होती, म्हणजे बस तिथंच होती. नाहीतर सुटायच्या बेतात होती. आवाजावरून काहीच कळत नव्हतं.

आजोबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, अजून नाही.

इंजिन बंद झालं.

मग पावलं. आणि धापा टाकणारा बायकी आवाज. "हॅलो? ऐका, डबा उघडलेला आहे. तुमच्या बाईंनी अर्ध्या बसला वाटलाय."

सुनेनं खिडकीचा कठडा धरला. "कुणी लहान मूल?"

"एक मुलगी आहे समोरच्या बाकावर. चार-एक वर्षांची असेल. तिला झाकणात घालून दिलंय खायला. थांबा, मी पुन्हा जाते. फोन ठेवू नका."

झाकणात. तो शब्द सुनेच्या ओठांवर आला. आजोबांनी तो ओठांवरून वाचला आणि ते मागच्या बाकावर बसले. रांगेतल्या त्या हटकणाऱ्या माणसानं त्यांना दंडाला धरून नीट बसवलं.

किती वेळ गेला ते तीच जाणे. डेपोतलं घड्याळ म्हणत होतं सव्वातीन मिनिटं. त्या सव्वातीन मिनिटांत सुनेनं देवाला काय काय कबूल केलं ते मी सांगत नाही, ते तिचं आणि त्याचं. कुठं लहान पोराच्या रडण्याचा आवाज येतोय का, एवढंच ती कान देऊन ऐकत होती. आणि मग आलाच. रिसीव्हरमधून, लांबून, पोरीचा रडण्याचा आवाज.

"ऐकताय?" बाई परत आल्या होत्या. मागं रडणं चालूच. "मिळाला. माझ्या हातात आहे. झाकणाच्या कडेला पाकात चिकटून बसला होता. पोरीनं वरचं सगळं खाल्लं होतं आणि नखानं तो खरवडत होती. मी झाकण काढून घेतलं म्हणून भोकाड पसरलंय तिनं."

"तोंडात नाही ना गेला? दुसरा काही?"

"एकच आहे. अख्खा आहे. तुमच्या नर्सबाईंनी पोरीचं तोंड उघडून, जीभ वर करायला लावून पाहिलंय. चालक कपाळावर हात मारून घेतोय. बरं, गाडी सोडू का आता? लोक ओरडायला लागलेत."

"सोडा," सून म्हणाली. "बाई, तुम्ही—" पण तिचं वाक्य पुरं झालंच नाही. पलीकडून "असू दे, असू दे" असं काहीतरी ऐकू आलं, आणि लगेच फोन दुसऱ्या कुणीतरी ओढून घेतला.

"टिकटिकला दे," नर्समावशी म्हणाली.

तार ताणून रिसीव्हर आजोबांपर्यंत न्यावा लागला. कारकून जागेवरून उठून अर्धा बाहेर आला. आजोबांनी कानातल्या मशीनपाशी रिसीव्हर धरला. मावशी काय बोलली ते बाकीच्यांना ऐकू आलं नाही, पण खणखणीत बोलत होती, एवढं कळत होतं. आजोबा मधेमधे "हो" म्हणत होते. एकदा "माझीच" म्हणाले. एकदा "अर्धा तास" म्हणाले, आणि त्यानंतर पलीकडचा आवाज जरा खाली आला. शेवटी त्यांनी रिसीव्हर परत दिला आणि बाहीनं नाक पुसलं.

"काय म्हणाली?" सुनेनं विचारलं.

"म्हणाली, त्या पोरीला दुसऱ्या कागदात बदाम दिलेत. आणि माझ्यावर ओरडायचं तिचं अजून संपलेलं नाही, परवा येऊन बाकीचं ओरडणार आहे."

रांग पुन्हा सरकू लागली. कारकुनानं चष्मा खाली घेतला आणि पुढच्या माणसाला विचारलं, "कुठलं?" बेकरीवाला गाडी चालू करायला गेला. बाहेर उजेड उतरायला लागला होता. दिव्यांच्या खांबांखाली गारठा धुरासारखा साचत होता.

आजोबा पायरीवर थांबले. "पुढच्या वर्षी मी टेबलाशी नाही बसणार," ते म्हणाले.

सुनेनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपलांतून बाहेर आलेली बोटं निळसर पडली होती. तिनं गळ्यातला मफलर सोडला, खाली वाकली आणि तो त्यांच्या दोन्ही पायांना एकत्र गुंडाळायला लागली. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. "आधी गाडीपर्यंत कसे चालणार ते सांगा."

त्या मधल्या थांब्यावरच्या बाईंचं नाव त्या दिवशी कुणी विचारलं नाही. कारकुनालाही ठाऊक नव्हतं, तो नुसतं 'थांब्यावरच्या बाई' म्हणायचा. गार वाऱ्यात खिडकी उघडी टाकून धावलेल्या, बसमधल्या लोकांच्या शिव्या खाल्लेल्या, अनोळखी पोरीच्या हातातून झाकण काढून तिला रडवलेल्या. माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर दिव्यापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की एक क्षण थांबा, आणि जिचं नाव आपल्याला ठाऊक नाही, त्या बाईंची आठवण काढा.